टोटल टूल

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून रोजनिशी. घडामोडी मोठ्या आहेत, पुढे तारखांचा घोळ नको.

मालकांनी कॉम्प्युटरवर चालणारी नवी मशीन घेतली. ट्रेलरवरून उतरवताना मी स्वतः उभा राहून सावकाश, सावकाश म्हणत होतो. क्रेनवाल्याला ऐकू आलं नसावं, पण त्याने सावकाशच उतरवली.

मशीनबरोबर वर्कशॉप इनचार्ज अशी नवी पोस्ट निघणार म्हणून मेहुण्याने बातमी आणली. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. आमच्याच स्टोअरमध्ये आहे, मीच चिकटवला. पोस्ट कुणाला मिळणार ते त्याला माहीत नाही. मला आहे. आमचा कारखाना पंपांचे शाफ्ट बनवतो आणि त्याची टूलरूम माझ्या ताब्यात आहे. ड्रिल, रीमर, कटर, पाने, मायक्रोमीटर, सगळं माझ्या जाळीच्या खिडकीतून बाहेर जातं आणि तिथूनच परत येतं. कामगाराने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला जमा करायचा आणि टूल न्यायचं. बिल्ला नाही तर टूल नाही. त्यामुळे लोक मला मानतात. खिडकीपाशी आले की आपसातलं बोलणं थांबवतात.

संकल्प: मशीन लावायला इंजिनिअर येतोय. त्याच्याशी फक्त इंग्रजीत बोलायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इंजिनिअर आला. मशीन कंपनीचा माणूस, उंच, मराठीचा गंध नाही. पहिल्या तासातच खिडकीवर हजर. एलन की, म्हणजे षट्कोनी बोल्ट फिरवायची किल्ली, हवी म्हणाला. मी म्हणालो, टोकन. तो म्हणाला, कसलं टोकन. मी नियम सांगितला. तो म्हणाला, मला फक्त एक एलन की हवी आहे. मी म्हणालो की फक्त एक, फक्त एक म्हणूनच सगळे नेतात. हे इंग्रजीत म्हणताना थोडं वाकडं झालं, पण रोख पोचला. शेवटी अर्ज लिहून घेतला आणि दिली. चार नंबरची दिली. त्याला पाच नंबरची हवी होती. दुसरा अर्ज घेतला.

जाताना तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. माणूस पारखी दिसतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी

जेवणाची सुट्टी संपायच्या आत लिहितोय. अक्षर वाईट येणार.

नव्या मशीनच्या मागे तिला गार ठेवणाऱ्या कुलंटची टाकी आहे. तिथे सहज तपासणीला उभा होतो. पलीकडे इंजिनिअर फोनवर. चोरून ऐकायची मला सवय नाही, पण टाकीमागून निघायला दुसरी वाट नव्हती आणि पहिल्या वाटेवर तो उभा होता. अगदी स्पष्ट ऐकलं. ही इज अ टोटल टूल. मग जरा थांबून, एकेक शब्द तोडून, पुन्हा तेच.

हेड ऑफिसला रिपोर्ट देत असणार. इथे येऊन त्याला दोन दिवस झाले, आणि या दोन दिवसांत त्याच्याशी माझ्याइतकं कोण बोललंय. बाकीच्यांना तर इंग्रजीच येत नाही.

उभी हयात अवजारांत घालवली. पण खुद्द मला अवजार म्हणणारा आजवर भेटला नव्हता.

७ फेब्रुवारी. संध्याकाळी

घरी सांगितलं. ही शिवणयंत्रावर होती. मी दारातूनच म्हणालो, ही इज अ टोटल टूल. तिने पाय थांबवला आणि विचारलं, कोण, मी? म्हणालो, ही म्हणजे तू नव्हे, ही म्हणजे तो. कोण तो, म्हणाली. म्हणालो, तो म्हणजे मी. ती म्हणाली, हातपाय धुऊन घ्या आधी.

मग सगळं नीट समजावलं. हिची शंका अशी की तो टूल म्हणाला की फूल म्हणाला. माझे कान शाबूत आहेत हे सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण शिवणयंत्र पुन्हा चालू झालं होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

कन्येला सांगितलं. कन्या हॉटेलात रिसेप्शनला असते, दिवसभर साहेब लोकांशी बोलते. तिला चहाचा ठसका लागला. म्हणाली, बाबा, हा शब्द चांगला नाही. मी म्हणालो, कुठे चांगला नाही? ती म्हणाली, कुठेच. मी म्हणालो, हॉटेलात नसेल. हॉटेलात टूल असून असून काय असणार, बाटली उघडायचं. ती म्हणाली, बाबा, कुणाला सांगू नका एवढं. त्याआधीच मेहुण्याला फोन करून झाला होता.

मेहुणा मात्र दिलदार निघाला. म्हणाला, दाजी, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

अभ्यास. कन्येच्या कॉलेजातली जाड डिक्शनरी माळ्यावरून काढली. झुरळ निघालं, ते मारलं, मग शब्द काढला.

मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला. मुळात अर्थ घडवणे, तयार करणे असा. म्हणजे खानदानी शब्द.

पहिला अर्थ: हातात धरून काम करायचं साधन. ठीक.

दुसरा: जे वापरल्याशिवाय एखादा धंदा चालत नाही ते. इथे पेन्सिलीने खूण केली.

तिसरा: बोलीभाषेत, असभ्य. शरीराचा एक भाग. फक्त पुरुषांकडे असतो. आधी संकोच वाटला. मग विचार केला की बोलणारा कोणत्या अर्थाने बोलतो ते महत्त्वाचं. मर्द माणूस, असं म्हणायचं असेल. हिला हळू आवाजात वाचून दाखवला. ही सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, आणि टोटल म्हणजे पूर्ण ना. हो म्हणालो. ही म्हणाली, अतिशयोक्ती आहे.

चौथाही आहे. दुसरे लोक आपल्या कामासाठी ज्याला वापरून घेतात आणि ज्याच्या ते लक्षात येत नाही असा माणूस. हा अर्थ अगदी तळाला दिलाय. महत्त्वाचा असता तर वर छापला असता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शब्द फळला. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. एरवी उभ्या उभ्या बोलणं होतं, आज खुर्ची दिली. चहाही आला, बशीसकट. मालक म्हणाले, तुम्ही म्हणजे माझा उजवा हात. मी मनात म्हटलं, हात नव्हे, हातातलं काहीतरी.

काम नाजूक आहे. नवी मशीन आली म्हणजे जुने लेथ जाणार आणि लेथबरोबर ते चालवणारा मामाही. मामाने आपणहून निवृत्ती घेतली तर बरं दिसेल, असं मालकांचं म्हणणं. त्यांनी स्वतः सांगितलं तर त्याला लागेल, मी सांगितलं तर घरातल्या माणसाने सांगितल्यासारखं होईल. कारखान्यात एवढी माणसं असताना त्यांना मीच दिसलो. इनचार्जच्या पोस्टचा विषय मी हळूच काढला. मालक म्हणाले, सगळं लक्षात आहे माझ्या.

निघताना मालक खुर्चीतून अर्धे उठले. पूर्ण उठले नाहीत, पण पाठीचा त्रास आहे त्यांना.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मामाला सांगितलं.

मामा कुणाचा मामा ते कुणालाच ठाऊक नाही, सगळे मामाच म्हणतात. मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात पायावर शाफ्ट पाडून घेतला होता, तेव्हा मला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेला तो मामा. त्याचं वजन तेव्हाही माझ्यापेक्षा कमीच होतं.

भाषण तयार होतं. काळ बदलतो, मशीन बदलते, माणसानेही बदललं पाहिजे, असं काहीसं. मामाने लेथ बंद केला नाही, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं. असल्या गोष्टी ओरडून सांगितल्या की वेगळ्याच वाटतात. आजूबाजूच्या चार जणांनी वर पाहिलं.

मामाने कापडाने हात पुसले. विचारलं, हे तू सांगतोयस की मालक? म्हणालो, मालक, माझ्यामार्फत. मामा म्हणाला, त्यांना जिभेला काही झालंय का. म्हणालो, तसं नाही. मामा म्हणाला, मग तू मध्ये कशाला.

उत्तर होतं माझ्याकडे. घरी आल्यावर सुचलं, आता तेही आठवत नाही.

मामाने हातातला शाफ्ट पुरा केला आणि रॅकवर ठेवला. माझ्याकडे परत पाहिलं नाही. कामात असला की तो कुणाकडेच पाहत नाही.

रात्री जेवण गेलं नाही. ऍसिडिटी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मेहुण्याची कल्पना: कामावर घालायच्या ऍप्रनवर शब्द शिवून घ्यायचा. हिने आधी नाही म्हटलं. मग भावानेच सांगितलं म्हटल्यावर शिवून दिलं. लाल दोरा, इंग्रजी अक्षरं, छातीवर. टोटल टूल. दुसरा शब्द जरा तिरका आलाय. ही म्हणाली, अंगावर खुणा करताना तुम्ही श्वास सोडलात.

परिणाम जबरदस्त. आज वर्कशॉपमध्ये असा चेहरा नव्हता की जो हसरा नव्हता. असं वातावरण मी कधी बघितलं नव्हतं. खिडकीवर काम नसलेली माणसंही आली. इंजिनिअरने तर कॉफीचा कप खाली ठेवला, माझ्याजवळ आला, खांद्यावर हात टाकला आणि फोटो काढून घेतला. मला म्हणाला, यू आर अ लेजंड. हा शब्द उद्या बघणार.

एकटा मामा हसला नाही. मनात राग धरून बसणं बरं नव्हे या वयात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कन्या जेवणाच्या सुट्टीत गेटवर आली. वॉचमनने निरोप दिला. मी ऍप्रनवरच गेलो. तिने ऍप्रन पाहिला आणि डोळे मिटून घेतले. मग मला रस्त्यापलीकडे बाकावर बसवलं आणि जे बोलली ते लिहून ठेवतो, म्हणजे किती चूक आहे ते नंतर बघता येईल.

म्हणाली, बाबा, आमच्या हॉटेलात एक सुपरवायझर आहे. मॅनेजरला कुणाची सुट्टी कापायची असली, कुणाला रात्रपाळीला टाकायचं असलं, की मॅनेजर स्वतः बोलत नाही, त्याला पाठवतो. तो छाती काढून येतो आणि सांगतो. त्याला वाटतं की मॅनेजरचा आपल्यावर फार विश्वास. सगळे त्याच्या तोंडावर हसतात, त्याला वाटतं की आपण सगळ्यांचे लाडके. त्याला आम्ही काय म्हणतो माहीत आहे?

मी म्हणालो, असतील काही लोक असे.

ती म्हणाली, तुम्ही मामांना काय सांगितलं?

हे तिला कसं कळलं म्हणून मी उखडलो. मामाची बायको हिच्याकडे उसवलेलं शिवून घ्यायला आली होती. शिवून होईपर्यंत बसली आणि सगळं सांगून गेली. म्हणजे हिला कालपासून माहीत होतं आणि ही माझ्याशी भाजीच्या मिठाबद्दल बोलत होती.

मी म्हणालो, तू मला शब्द शिकवू नकोस, तुला पहिला शब्द मी शिकवला. ती म्हणाली, हो, म्हणूनच सांगायला आले. मग तिची बस आली.

संकल्प: कन्येशी आठवडाभर बोलायचं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कन्येशी बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही.

ऍप्रन धुवायला टाकला. मळला होता, दुसरं कारण नाही.

१९ फेब्रुवारी

काही नाही. ऍसिडिटी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

एक गोष्ट निव्वळ अभ्यास म्हणून तपासून बघितली. चौथा अर्थ आपल्याला लागू पडत नाही हे सिद्ध करायचं होतं.

सकाळी मेहुण्याचा फोन. दाजी, उशीर होतोय, माझी हजेरी लावून टाका. लावली. दहा वाजता इंजिनिअरने दुरूनच कप उंच करून दाखवला. कॉफी आणून दिली. गेला आठवडाभर रोज आणतोय, हे आजच लक्षात आलं. दुपारी मालकांच्या पत्नीचा फोन, घरच्या गिझरचा नट अडकलाय, पाना घेऊन कुणीतरी या. कुणीतरी म्हणून मी गेलो. नट निघाला. त्या म्हणाल्या, जाता जाता तेवढा कचराही खाली न्या.

पिशवी घेऊन जिना उतरताना मनात हिशेब चालू होता. निष्कर्ष आज लिहीत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकांनी पुन्हा बोलावलं. खुर्ची होती, चहा नव्हता. म्हणाले, मामाने अजून कळवलं नाही, सोमवारपर्यंत निवृत्तीच्या अर्जावर त्याची सही आणा. मग त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं की नव्या मशीनबरोबर एक कपाट येणार आहे. विजेवर चालतं. कामगाराने आपला नंबर दाबायचा, नेमका तोच खण उघडतो, टूल घ्यायचं, कपाट स्वतः नोंद ठेवतं. मालक म्हणाले, तुमचा केवढा ताप वाचेल.

मी विचारलं, मग खिडकीत कोण बसणार.

मालक म्हणाले, खिडकी काढू, उजेड येईल. तुम्हाला बसवू कुठेतरी.

इनचार्जच्या पोस्टचं विचारलं. म्हणाले, अशी काही पोस्ट आहे असं कोण म्हणालं. मी मेहुण्याचं नाव सांगितलं नाही. हिचा भाऊ आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डिक्शनरी पुन्हा काढली. चौथा अर्थ तिथेच आहे.

हिला म्हणालो, इंजिनिअर दोन दिवसांत ओळखू शकला आणि मला इतकी वर्षं कळलं नाही. ही शिवत होती. सुई थांबवली नाही, पण म्हणाली, मलाही थोडं उशिराच कळलं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, बोलले असते तर तुम्ही माझ्याकडूनच अर्ज लिहून घेतला असता.

कन्येशी बोललो. तिने डोकं खांद्यावर टेकवलं. आठवडा पुरा व्हायचा होता, पण नियमाला एखादा अपवाद चालतो.

संकल्प, आणि हा शेवटचा: सोमवारी मालकांसमोर उभं राहायचं. खुर्ची दिली तरी बसायचं नाही. सांगायचं की मामाची सही मी आणणार नाही, मी कुणाचं अवजार नाही. इंग्रजीतून सांगितलं तर वजन पडेल. कन्येने वाक्य लिहून दिलंय. आय विल नॉट बी युअर टूल. आरशासमोर म्हणून पाहिलं. चष्मा काढून जास्त चांगलं दिसतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सविस्तर लिहितो, कारण आयुष्यात असे दिवस फार येत नाहीत आणि बहुतेक परत येऊही नयेत.

मालक फोनवर होते. हाताने बसा म्हणाले. बसलो नाही. फोन बराच लांबला, पाय दुखायला लागले, तरी बसलो नाही. फोन ठेवला तेव्हा इंग्रजी वाक्य डोक्यातून साफ गेलं होतं. मराठीतच म्हणालो, मी टूल नाही.

मालक म्हणाले, काय नाही?

टूल नाही, म्हणालो. मामाची सही मी आणणार नाही. आणायची तर तुम्ही आणा. त्याने मला पाठीवरून दवाखान्यात नेलंय. आवाज फाटला. इथेच थांबायला हवं होतं, नंतर सगळे तेच म्हणाले. पण एकदा तोंड उघडलं की मला वेळ लागतो. म्हणालो, माणूस कमीच करायचा असेल तर त्याच्या जागी मला करा. मी जातो.

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, बरं.

मला वाटलं, बरं म्हणजे बरं, विचार करू. पण त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. म्हणाले, तुम्ही बोललात ते फार बरं केलंत. कपाट आल्यावर तुमचं काय करायचं हेच मला कळत नव्हतं. कसं सांगू आणि कुणाला पाठवून सांगू, या विचारात होतो.

मी दाराशी पोचलो तेव्हा म्हणाले, आणि मामाचं म्हणाल तर तो आज सकाळीच येऊन गेला. आपणहून जातोय. जाताना जुना लेथ मागून घेतला, घरामागे शेड आहे म्हणे त्याची. मी म्हटलं, घेऊन जा, मला तरी ते धूड कुठे ठेवायचंय. खुशीत गेला.

विचारलं, मग मी मघाशी जे बोललो ते परत घेता येईल का. मालकांचा फोन वाजला.

घरी सांगितलं. हिने हातातली बाही शिवून संपवली. मग म्हणाली, चांगलं केलंत. मी म्हणालो, पण उपयोग काही झाला नाही. ही म्हणाली, ते मी म्हणतच नाहीये.

२६ फेब्रुवारी, बुधवार

इंजिनिअर उद्या जाणार म्हणून कॅन्टीनमध्ये चहापान. मला निरोपाचं कुणी काही म्हणालं नाही, बहुधा दोन चहापानं परवडत नसावीत.

ठरवलं होतं की या माणसाचे आभार मानायचे. अपमान केला, पण डोळे उघडले. बाजूला घेतलं आणि शांतपणे, इंग्रजीत सांगितलं की त्या दिवशी टाकीमागे मी होतो, आपण फोनवर मला टोटल टूल म्हणालात, ते अगदी बरोबर होतं आणि मी राजीनामा दिला आहे.

तो गोंधळला. कुठला फोन, म्हणाला. तारीख सांगितली, वेळ सांगितली. त्याने कपाळाला हात लावून आठवलं, मग कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, तो फोन बायकोचा होता. बायकोच्या भावाबद्दल बोलत होतो. तो राहायला आलाय, जायचं नाव काढत नाही आणि माझी गाडी घेऊन कुठेतरी धडकवून आला.

मी म्हणालो, म्हणजे माझ्याबद्दल नाही.

तो म्हणाला, तुमच्याबद्दल मी कुणाला कशाला सांगेन. मग त्याला ते बरोबर वाटलं नसावं, म्हणून म्हणाला की घरी एकदा सांगितलं होतं. एका खिडकीत एक गृहस्थ असतात, एवढं. आणि ऍप्रनचा फोटो पाठवला होता, बायको खूप हसली, स्वतःची एवढी थट्टा करणारा माणूस तिने बघितला नव्हता.

दोघेही काही वेळ बिस्किटं खात उभे राहिलो. शेवटी मी दूर मेहुण्याकडे बोट दाखवलं. तो केकचा तिसरा तुकडा घेत होता. म्हणालो, दॅट इज माय वाइफ्स ब्रदर. इंजिनिअरने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. इतक्या दिवसांत आमचं इंग्रजी पहिल्यांदाच जुळलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

हिला म्हणालो, तो मला म्हणालाच नव्हता. मी टूल नव्हतोच मुळी. उगाच नोकरी घालवली.

ही म्हणाली, दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा तुम्हाला नेमका बसला, तर शिंप्याची काय चूक.

माझ्या भावाला काही बोललात का, असंही तिने विचारलं. नाही म्हणालो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. कपाट आलं. निळं आहे. दोघांनी धरून माझ्या खोलीत लावलं, वायर जोडली, चालू झालं. मला वाटलं होतं की निदान बिघडेल.

५ मार्च, बुधवार

घरी बसून हिचे कापडाचे गठ्ठे लावून दिले. रंगाप्रमाणे लावले. हिने परत तिच्या पद्धतीने लावले आणि म्हणाली, जरा बाहेर फिरून या.

फिरत फिरत मामाच्या घरी गेलो. पाय तिकडे वळले म्हणतात तसं नाही, बस बदलून जावं लागतं. घरामागे पत्र्याची शेड. लेथ बसवलाय, खाली सिमेंट ओलं आहे अजून. मामा एकटाच पट्टा ताणत होता.

सगळं सांगितलं. तुझ्यासाठी मालकांसमोर उभा राहिलो, तुझ्या जागी मला काढा म्हणालो, नोकरीवर लाथ मारली. थोडं मोठं करून सांगितलं, पण फार नाही. डोळ्यांत पाणीही आलं, ते मात्र खरं होतं. वाटलं की आता हा जवळ घेईल.

मामा म्हणाला, मला विचारायचंस तरी. मी तर लेथवर डोळा ठेवूनच होतो, तू त्या दिवशी ओरडून सांगितलंस तेव्हाच ठरवलं. मग म्हणाला, अरे वेड्या, नोकरी सोडायला कुणी सांगितलं होतं तुला.

कुणी नाही, म्हणालो. आणि म्हणताना लक्षात आलं की हे खरंच कुणी सांगितलं नव्हतं. कुणीच पाठवलं नव्हतं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा असं काहीतरी केलं होतं की जे माझं मीच केलं. तेही चुकीच्या माहितीवर.

मामाने पट्ट्याचं दुसरं टोक हातात दिलं. धर म्हणाला. धरलं.

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं. सायकलच्या पेडलचा तुटका दांडा घेऊन एक बाई आल्या. मामाने दांडा पाहिला, होईल म्हणाला. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण, पार्टनर का?

मी पट्टा धरल्या धरल्या ताठ उभा राहिलो. सल्लागार म्हणावं की व्यवस्थापक, याचा विचार करत होतो.

मामा म्हणाला, छे, आलेत जरा बसायला.

बाई गेल्यावर मामाने पायाने एक रिकामा डबा माझ्याकडे सरकवला. बसलो. संध्याकाळपर्यंत होतो.

संकल्प: उद्या वेळेवर जाऊन बसणे.